उलटं गाणं, सुलटा व्हिडिओ

दोस्तांनो, आधी एक छोटंसं काम करा. ‘मामा’ हा शब्द उलटा म्हणून दाखवा बरं!

“त्यात काय? मामाचं उलटं मामाच!” असं म्हणालात ना? मग फसलात. अक्षरं उलटी केली तर मामाचं मामाच होतं, हे खरं. पण आवाज उलटा केला तर? म् आणि आ, पुन्हा म् आणि आ, हे शेवटाकडून सुरुवातीकडे म्हणा. आ-म्-आ-म्. म्हणजे झालं ‘आमाम’! काकाचं होईल ‘आकाक’. ‘च’ची भाषा बोलण्यात पटाईत असलेली मंडळीही इथं अडखळतात.

आता विचार करा, दोन शब्द नाही, एक अख्खं गाणं असं उलटं पाठ करायचं. तेही एकट्यानं नाही, शाळेतल्या ढीगभर मुलामुलींनी मिळून. आणि ते म्हणत म्हणत शाळेच्या वऱ्हांड्यातून नाचायचं, कुणीही न चुकता! हा उद्योग 2009 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या शोरवुड नावाच्या शाळेनं केला. वॉशिंग्टन राज्यात सिॲटल शहराला लागूनच शोरलाइन नावाचं गाव आहे, तिथली ही शाळा. मुलांनी एका पॉप गाण्याचा व्हिडिओ बनवला आणि तो बघता बघता जगभर पोचला.

हा व्हिडिओ बनला कशातून, माहीत आहे? भांडणातून! म्हणजे तसं गोड भांडण. शोरलाइनमध्येच शोरक्रेस्ट नावाची दुसरी शाळा आहे. दोन्ही शाळांची चुरस. आपल्याकडे आंतरशालेय कबड्डीच्या सामन्यात असते ना, अगदी तश्शी. शोरक्रेस्टनं ‘हे या!’ या गाण्यावर व्हिडिओ बनवला आणि शोरवुडला आव्हान दिलं, “या आता मैदानात!” उत्तर तर द्यायलाच हवं होतं. पण काय द्यायचं? तसाच व्हिडिओ बनवला तर लोक म्हणणार, नक्कल केली. अगदीच वेगळं काही केलं तर म्हणणार, आव्हान टाळलं. मोठा पेच पडला!

हा पेच नीट कळायला पॉप गाण्याचा व्हिडिओ कसा असतो, ते आधी बघू.

अमेरिकेत एमटीव्ही हे चॅनल 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झालं आणि गाण्यांचे व्हिडिओ घराघरात दिवसरात्र दिसू लागले. आपल्याकडे हे वारं आलं नव्वदच्या दशकात. आई-बाबांना अलिशा चिनॉयचं 1995 चं ‘मेड इन इंडिया’ आठवतंय का, विचारा. लाकडी पेटीतून बाहेर येणारा आपला मिलिंद सोमण त्यांना नक्की आठवेल! असे दहा-बारा व्हिडिओ पाहिले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. गायक सतत समोर, त्याचा चेहरा अगदी जवळून. तो कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट तुमच्याकडे बघत ओठ हलवतो. गाण्याच्या ठेक्यावर चित्र बदलतं. एक शॉट दोन-तीन सेकंदांचा, की झाला कट! घड्याळ लावून मोजा हवं तर. अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकानं 1992 मध्ये यावर एक आख्खं पुस्तकच लिहिलं. ब्रिटनमध्ये वरच्या वर्गातली मुलं ‘माध्यमांचा अभ्यास’ हा विषय घेतात, तेव्हा हे संकेत तपासतात आणि स्वतः व्हिडिओही करून बघतात. (अभ्यास म्हणून गाणी बघायची! आहे की नाही चैन?)

आता यातलं काय काय विद्यार्थ्यांना जमण्यासारखं आहे? गाजलेला गायक कुठून आणणार? महाल, रोषणाई, भारी कपडे यांना पैसे कोण देणार? पण ओठ हलवणं? ते फुकट! आणि तेवढ्या एकाच गोष्टीवर एक नवा प्रकार उभा राहिला. त्याचं नाव ‘लिप डब’. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कचेरीतल्या तरुण मंडळींनी तो गंमत म्हणून केला. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या फुर्टवांगेनच्या विद्यार्थ्यांनी तो कॉलेजात आणला. मग 2009 च्या सप्टेंबरात कॅनडातल्या माँट्रियल शहरात 172 विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इमारतीत ‘आय गॉटा फीलिंग’ या गाण्यावर असा धमाल व्हिडिओ केला, की देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या अंगात वारं शिरलं.

यात करायचं ते असं. गाणं मोठ्यानं लावायचं. कॅमेरावाला चालायला लागणार. दारात पहिली मुलगी उभी, ती एका ओळीवर ओठ हलवणार. कॅमेरा पुढे सरकला की कोपऱ्यावर दुसरा मुलगा, त्याच्यापुढे जिन्यात तिघं. असं करत करत सगळी इमारत पालथी घालायची आणि शेवटी मैदानात नाहीतर सभागृहात सगळ्यांनी एकत्र नाचायचं. नंतर चित्रावर मूळ गाणं चढवून द्यायचं. महत्त्वाची अट एकच, कट नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच सलग शॉट!

बघा हं, इथे काय झालं. पॉप व्हिडिओचा सर्वांत खोटा संकेत, म्हणजे गात नसताना गाण्याचं नाटक करणं, तो मुलांनी ठेवला. आणि दोन मोठे संकेत मोडले. एक, गायकाचा चेहरा गेला. आवाज एकाचाच, पण तोंडं शंभर! पुरुषाचा आवाज आणि ओठ चष्मेवाल्या मुलीचे. तुम्हाआम्हाला याचं फारसं नवल वाटायचं नाही म्हणा. लताबाईंचा एकच आवाज आपण कितीतरी नायिकांच्या ओठांवर पाहिला आहे. पण तिकडे गाणाराच पडद्यावर दिसायची सवय. गंमत अशी, की शोरक्रेस्टनं निवडलेल्या ‘हे या!’ या गाण्याच्या मूळ व्हिडिओत आंद्रे 3000 हा एकच गायक आठ जणांच्या भूमिका करतो. तिथे एक माणूस आठ झाला होता. इथे एका गाण्याला सगळी शाळा मिळाली!

दुसरा मोडलेला संकेत कटचा. मला विचाराल तर खरी धमाल, आणि खरी धडधडसुद्धा, इथेच आहे. व्हिडिओत कट असले की चूक झाकता येते. हसू आलं? पुन्हा घ्या. पाय घसरला? काढून टाका. सलग शॉटमध्ये ते नाही. तुमच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकासारखंच आहे हे. आपलं वाक्य एकच असतं, “महाराज, दूत आला आहे,” पण विंगेत उभं असताना छातीत कसं धडधडतं! इथे तर अडीच मिनिटं सगळं झकास झालं आणि शेवटच्या वळणावरचा मुलगा भलतीकडेच बघत राहिला, तर पहिल्या मुलीलाही पुन्हा दारात जाऊन उभं राहावं लागतं. ‘ओके गो’ या गायकांचा 2006 चा पळत्या पट्ट्यांवरचा नाच आठवून बघा. ते तर फक्त चौघं होते आणि तरी मनासारखा शॉट मिळायला 17 वेळा नाचावं लागलं. शाळेतल्या व्हिडिओत कोण महत्त्वाचा, असं विचारलं तर उत्तर द्यायची पंचाईत. ज्याच्या वाट्याला दोनच सेकंद आलेत, त्याच्या हातातही सगळ्यांची मेहनत असते.

पण गंमत कशी असते पाहा. संकेत मोडून जे केलं, त्याचेच थोड्या दिवसांत संकेत झाले! प्रत्येक लिप डबमध्ये तोच वऱ्हांडा, तोच जिना, त्याच रंगीत टोप्या आणि शेवटी तोच सगळ्यांचा गलका. वर सगळे कसे अगदी आनंदात! ज्या मुलाला नाचायला आवडत नाही, तो कुठे दिसतो का बघा. तो कॅमेऱ्याच्या मागे तरी असतो, नाहीतर त्या दिवशी घरी तरी.

शोरवुडची मुलं नेमकी इथे अडली होती. शोरक्रेस्टनं वऱ्हांडा, नाच, सलग शॉट असं सगळं करून टाकलं होतं. मग शोरवुडनं ठरवलं, आपणही सगळं तेच करायचं, पण उलटं! गाणं निवडलं हॉल आणि ओट्स या जोडगोळीचं ‘यू मेक माय ड्रीम्स’. म्हणजे त्या मुलांच्या आई-बाबांच्या तरुणपणचं.

ही युक्ती नीट समजून घ्या. तुमच्या वर्गाला हेच करायचं आहे असं समजा. आधी गाणं कॉम्प्युटरवर उलटं करून घ्यायचं. ते गाण्यासारखं लागतच नाही, कुणीतरी घशातल्या घशात आवाज ओढून घेतोय असं वाटतं. ते ऐकून आपली ओळ पाठ करायची. मग ते उलटं गाणं लावून, कॅमेरा शेवटच्या जागेवरून निघणार आणि पहिल्या जागेवर येऊन थांबणार. म्हणजे जो सगळ्यात आधी दिसणार, त्याचं काम सगळ्यात शेवटी! शूटिंग झालं की चित्र उलटं फिरवायचं आणि त्यावर सुलटं गाणं चढवायचं. आता ओठ गाण्याशी जुळतात, पण बाकीची दुनिया पार उलटी झालेली असते. हवेत उधळलेले कागद जमिनीवरून उठून हातात जाऊन बसतात. उडी मारून खाली आलेला मुलगा वर उडताना दिसतो.

पूर्ण उच्चार नाही जमला तरी चालतं, कारण तुमचा आवाज कुणाला ऐकूच जाणार नसतो. पण ओठांशी लबाडी चालत नाही. व्याकरणात प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं शिकलात ना? ही म्हणताना ओठ मिटतात. गाण्यात ‘म’ ऐकू आला आणि पडद्यावर तोंड उघडंच असलं, की बघणाऱ्याला लगेच कळतं, काहीतरी चुकलं. ‘त’ किंवा ‘क’ मात्र तोंडाच्या आत होतात, ते चुकले तर खपून जातात.

आता कुणी म्हणेल, ही युक्ती तरी कुठे नवी? बरोबर आहे. स्पाइक जोन्झ या दिग्दर्शकानं नव्वदच्या दशकातच ‘ड्रॉप’ या गाण्याचा व्हिडिओ असा केला होता. ‘कोल्डप्ले’च्या ख्रिस मार्टिननं 2002 मध्ये ‘द सायंटिस्ट’साठी उलटं गाणं पाठ केलं आणि त्याला जवळजवळ महिना लागला. पण उलटी युक्ती एकीकडून, सलग शॉट दुसरीकडून आणि भोवती सगळी शाळा, हे मिश्रण शोरवुडचं. नक्कल केली असं कुणी म्हटलं नाही आणि आव्हानही टळलं नाही.

तुमच्या वर्गात असा बेत शिजला, तर शिक्षकांना आधीच सांगा, आणि व्हिडिओ घराबाहेर दाखवायचा असेल तर आई-बाबांनाही विचारा. गाणं दुसऱ्याच्या मालकीचं असतं, बरं का. सुरुवात मात्र आजच करता येईल. फोनवर आवाज उलटा करण्याची सोय मिळते. ‘आमाम’ म्हणा, रेकॉर्ड करा आणि उलटं फिरवा. ‘मामा’ ऐकू आलं की स्वतःचं नाव घ्या. ‘कमल’ असेल तर सुटलात, ‘लमक’ म्हणायला सोपं आहे. ‘ज्ञानेश्वर’ असेल तर संध्याकाळ त्यातच जाईल!