गावचा मुक्काम आणि एका दिवसाची सहल

दिवाळी सरते, हवेत गारवा येतो आणि अनेक कुटुंबे शहरातील घराला कुलूप लावून आठ-दहा दिवसांसाठी गावच्या घरी येतात. बीड जिल्ह्यात असा मुक्काम असला, की आसपासची ठिकाणे पाहण्याचे बेत ठरतात. तरुण मंडळी एका दिवसात तीन ठिकाणे बसवतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य ऐकू येते : "अण्णा, तुम्ही गाडीतच बसा, आम्ही जाऊन येतोच." सायंकाळी सर्वांनी तीन स्थळे पाहिलेली असतात, अण्णांनी मात्र तीन वाहनतळ. म्हणून पहिला नियम असा ठेवावा : एक दिवस, एक ठिकाण, आणि चाल घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची.

मुक्काम अंबाजोगाईजवळ असेल, तर पहिला दिवस त्याच गावासाठी राखून ठेवावा. सकाळी योगेश्वरीचे दर्शन घ्यावे. नंतर थोडी विश्रांती घेऊन हत्तीखाना या नावाने ओळखली जाणारी लेणी पाहावीत; दगडात कोरलेले हत्ती नातवंडांनाही आवडतात. 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी बालाघाटाच्या डोंगरात, दरीकाठी आहे. तेथील चढउतार झेपेल किंवा नाही, हे ज्येष्ठांनी स्वतः ठरवावे. इच्छा असेल, तर त्यासाठी वेगळी सकाळ द्यावी.

दुसऱ्या दिवशी परळी वैजनाथ. अंतर सुमारे २५ किलोमीटर. मंदिराला पायऱ्या आहेत. त्या एका दमात चढू नयेत. काही पायऱ्या चढून थांबावे, श्वास स्थिर झाल्यावरच पुढे निघावे. छातीत दडपण, असह्य दम किंवा भोवळ जाणवल्यास तेथेच बसावे आणि सोबतच्यांना लगेच सांगावे. श्रावणी सोमवार व महाशिवरात्रीची गर्दी टाळावी. दर्शन शांतपणे झाले, तर ते अधिक काळ मनात राहते.

मंदिराच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना मंदावली असेल, तर तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही. दुसऱ्या दिवशी फोड दिसतो तेव्हाच लक्षात येते. अशांनी ऊन चढण्यापूर्वी जावे, सुती मोजे घालावेत आणि रात्री घरच्यांकडून तळपाय तपासून घ्यावेत.

स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने कित्येक ज्येष्ठ पाणी पिणेच टाळतात. त्यातून भोवळ येते, लघवीला जळजळ होते. सोबतच्यांनी आदल्या दिवशीच वाटेवरील सोय विचारून ठेवावी आणि तसे मोकळेपणाने सांगावे. मग पाणी आपोआप पोटात जाते. लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. गोळी परस्पर वगळू नये. ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. मधुमेहींच्या खिशात साखर असावी. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मुक्काम बीड शहराकडे असेल, तर जलकुंडात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर आणि सोळाव्या शतकातील खजाना विहीर पाहता येते. पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा पावसाळ्यानंतर वरूनच पाहावा. खाली उतरण्याचा मोह तरुणांनी एकट्याने पुरवावा.

दुपारचे जेवण घरची भाकरी, पिठले व ताक असे हलके असावे. त्यानंतर सावलीत तासभर पडावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे. ओसरीवर बसून ज्येष्ठांना त्या स्थळाच्या जुन्या आठवणी विचाराव्यात. बैलगाडीतून केलेली यात्रा, कुणाचा नवस, हरवलेली चप्पल असे काही ना काही निघतेच. नातवंडांच्या स्मरणात दिवस उरतो तो या गोष्टींमुळे; आणि त्या सांगण्यासाठी अण्णा थकलेले नसावेत, एवढ्यासाठीच हा सारा बेत.