एक्सलवरचा भार

दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामाची लगबग सुरू होते आणि कारखान्यांच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, ऊस गव्हाणीकडे उतरवून पुन्हा काट्यावर येते. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे ऊस. शेतकऱ्याचे बिल, तोडणी टोळीची मजुरी आणि वाहतूकदाराचे भाडे, तिन्ही या एकाच आकड्यावर ठरतात. रस्त्याला मात्र हा आकडा समजत नाही. एकेका एक्सलवर किती भार आला, एवढेच त्याला कळते.

एक्सल म्हणजे चाकांना जोडणारा आस. साध्या सहाचाकी ट्रकला पुढे दोन टायरांचा आणि मागे चार टायरांचा असे दोन आस असतात. आपल्या कायद्यात गाडीच्या एकूण वजनाला मर्यादा आहे, तशीच प्रत्येक आसालाही आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. पुढच्या आसाची मर्यादा ६ टनांवरून ७ टन झाली, मागच्या आसाची १०.२ वरून ११.५ टन आणि एकामागे एक असलेल्या जोडआसाची १९ वरून २१ टन. सहाचाकीचे ‘पासिंग’ १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले.

आसाचा वेगळा हिशेब कशासाठी? अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक अखंड फिरवण्यात आले. त्या चाचणीतून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट होत नाही, सोळापट होते. रस्त्याच्या बांधणीनुसार हा घात थोडा कमीजास्त होतो, पण आपल्याकडचे अभियंतेही डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना हाच हिशेब धरतात. त्यासाठी ८.१६ टनांचा एक ‘प्रमाण आस’ मानलेला आहे. अर्धा टन भार असलेला मोटारीचा आस सुमारे सत्तर हजार वेळा गेला, तर एका प्रमाण आसाइतकी झीज होते. म्हणजे खराब रस्त्यासाठी मोटारींच्या गर्दीला बोल लावण्यात फारसा अर्थ नाही.

हाच हिशेब २०१८ च्या वाढीला लावून पाहू. मागच्या आसाची मर्यादा जेमतेम तेरा टक्क्यांनी वाढली, पण एका फेरीतली झीज सुमारे ६२ टक्क्यांनी वाढली. यावर कोणी म्हणेल, गाडीत माल जास्त मावल्याने फेऱ्या कमी झाल्या, त्याचे काय? मुद्दा रास्त आहे. रिकामी गाडी साडेसहा टनांची धरली, तर माल ९.७ टनांवरून १२ टनांवर गेला, म्हणजे सुमारे २४ टक्के वाढला. तो फायदा वजा केला तरी टनामागची झीज जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतेच. ही झाली कायद्याच्या आतली गाडी. मागच्या आसावर सोळा टन लादले, तर ११.५ टनांच्या पावणेचारपट झीज होते.

ही झीज लगेच दिसत नाही. हंगामात डांबराला बारीक भेगा पडतात. जूनमध्ये त्यांतून पाणी आत शिरते, खालची खडी आणि माती सैल होते, पुढचे चाक ती दाबून बाहेर ढकलते आणि खड्डा उघडा पडतो. दोष पावसाच्या माथी जातो.

आता गाडी भरण्याकडे येऊ. एकूण वजन नियमात असूनही आसावर जादा भार येऊ शकतो. दोन्ही आसांत पाच मीटर अंतर असलेली साडेसहा टनांची सहाचाकी घेऊ. रिकामी असताना पुढच्या आसावर ३.४ आणि मागच्यावर ३.१ टन भार आहे. तिच्यात बारा टन माल भरला आणि मालाचा मध्यबिंदू मागच्या आसाच्या दीड मीटर पुढे राहिला, तर भार बरोबर ७ आणि ११.५ असा विभागतो. तोच माल अर्धा मीटर मागे सरकला की पुढे ५.८ आणि मागे १२.७ टन होतात. एकूण वजन तेच, १८.५ टन. पण मागचा आस सव्वा टनाच्या आसपास जादा वाहतो आणि त्याची झीज जवळजवळ दीडपट होते. शिवाय पुढची चाके हलकी झाल्याने स्टिअरिंगची पकड कमी होते. घाटात उतरताना जादा वजनाची गाडी रोखायला ब्रेकला अधिक ऊर्जा गिळावी लागते. ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी धरत नाहीत. तिथे प्रश्न रस्त्याचा उरत नाही, चालकाच्या आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाचा होतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही त्यात धरलेला आहे. दंड भरला म्हणजे तोच माल पुढे नेण्याची मुभा मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये परमजित भसीन खटल्यात स्पष्ट केले. कायदा नुसत्या चालकाला धरत नाही. गाडी तशी चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात येतो. प्रत्यक्षात पावती फाटते तेव्हा रस्त्यावर उभा असतो तो चालक. माल किती भरायचा हे मात्र बहुधा दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते, कारण भाडे टनावर मिळते. भाड्याचा हिशेब जोवर केवळ टनावर आहे, तोवर शेवटची मोळी गाडीवर चढतच राहणार.

आसाचा भार मोजायला मोठे यंत्र लागत नाही. साधा वजनकाटा पुरतो, फक्त आजूबाजूची जमीन त्याच्या पातळीत सपाट हवी. आधी फक्त पुढची चाके काट्यावर घ्यायची आणि आकडा टिपायचा. मग पूर्ण गाडी घ्यायची आणि एकूण वजनातून पहिला आकडा वजा करायचा. उरले ते मागच्या आसाचे वजन. काम पाच-दहा मिनिटांचे. पावतीवर एकूण वजनाशेजारी हे दोन आकडेही छापले, तर माल कुठे सरकवायचा आणि किती उतरवायचा, हे गाडी रस्त्याला लागण्यापूर्वीच कळेल. आणि जादा माल कोणी भरला, हे विचारायला चालकाच्या हातात एक कागद राहील.