कालव्याने वसवलेले वडगाव

वडगाव निंबाळकरात माणसे किती, हे तुम्ही कोणत्या महिन्यात मोजता यावर ठरते. श्रावणात गाव आपल्यापुरते असते. दिवाळी सरली की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या या पट्ट्यात उतरतात, शिवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि गाळप संपेपर्यंत नीराकाठची वस्ती फुगलेली राहते. बारामती-नीरा रस्त्यावरचे, पोलीस ठाणे असलेले हे गाव आज भरल्यासारखे दिसते. दीडशे वर्षांपूर्वी या मुलखातून माणसे बाहेर पडत होती.

गावाच्या नावातले निंबाळकर फलटणचे. घराणे मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झालेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. इंग्रजी अमलात नीरा नदी ही इथली सीमा होती. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे फलटण संस्थान. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले आणि ती सीमा पुसली, पण सोयरीक तिला कधी जुमानत नव्हतीच.

दीडशे वर्षांपूर्वी हा सगळा भाग भीमथडी तालुक्यात मोडे. ज्वारी-बाजरीचा, पाऊस हुलकावणी देणारा मुलूख. गावाच्या उत्तरेला सुपे आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. सरकारने चौकशी नेमली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदाही आला. पण त्याआधीच १८७६चा दुष्काळ येऊन गेला होता. पुढे १८८१च्या शिरगणतीत पुणे जिल्ह्यात ९,००,६२१ माणसे भरली, १८७२ पेक्षा कमी. वाढायची ती संख्या घटली, यातच त्या वर्षांची कहाणी आली.

याच दुष्काळात उपाशी हातांना काम म्हणून नीरा डावा कालवा खणायला घेतला गेला. वीरच्या बंधाऱ्यापासून पुरंदर, बारामती, इंदापूर असा सुमारे शंभर मैलांचा पाट. १८८५च्या सुमारास त्यात पाणी खेळले. त्याच्या साठवणीसाठी भोर संस्थानात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण झाले, आणि १९२०च्या दशकाअखेर त्याच्या जागी मोठे धरण आले. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे. वडगावच्या उसात वेळवंडीच्या खोऱ्यातली बुडालेली शेते आहेत, हे खालच्या गावांनी विसरू नये असे मला फार वाटते.

पाणी आले म्हणून लगेच ऊस आला, असे मात्र झाले नाही. पाणपट्टी भरायची, खत आणायचे, दीड वर्ष पिकाची वाट पाहायची, एवढा दम कर्जात बुडालेल्या कुणब्याकडे कुठून असणार? पुढे सरसावले ते सासवडचे माळी. बागायती त्यांच्या हाडीमाशी होती. त्यांनी कालव्याखालच्या जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळे घातली. त्यांच्या बांधाला बांध लावून स्थानिक शेतकरी शिकला. याच माळी मंडळींनी १९३० नंतर माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. माळेगाव आणि सोमेश्वरचे सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. माळेगावचा अभ्यास करून डोनाल्ड अ‍ॅटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये सबंध पुस्तक लिहिले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली. सगळ्या रानात ऊस न घेता पिके फिरवायची आणि पाणी जास्त गावांना पुरवायचे, हे तिचे मर्म. ते पुरते पाळले गेले नाही. उत्तरेला कालवा आणि दक्षिणेला नदी, या दोहोंमधला पट्टा सतत भिजत राहिला, निचरा होईना, मीठ वर आले. १९१० मध्येच कृषिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे रान चोपण होण्याचा इशारा शंभरहून अधिक वर्षे जुना आहे, आणि आजही पाळी आली की दारे धरणारा माणूस सरी तुडुंब भरूनच थांबतो.

कालव्याने वस्तीची रचनाच बदलली. गावठाणातली घरे मळ्यात गेली, वाड्या झाल्या. शेजारच्या होळमध्ये तर आठ फाटा हे कालव्याच्या फाट्याचे नावच वस्तीला मिळाले आहे. कालव्याच्या वर लोणी भापकर-मोरगावकडे जिरायत, खाली बागायत. काही कोसांत दोन वेगळे तालुके असावेत असा हा फरक. जिरायतीतली लेक बागायतीत द्यावी, ही बापाची धडपड त्यातूनच आली.

आणि आता कोप्यांतली माणसे. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर मिळते आणि ती फिटेपर्यंत दोघे बांधलेले. पहाटे थंडीत तोड सुरू होते. बाई मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनात भरते आणि परतून पुन्हा चूल पेटवते. दोन माणसांचा एक कोयता धरणारी ही मोजणी मला मुळातच अन्यायाची वाटते, कारण तिच्यात बाईचा हिशेब वेगळा निघतच नाही.

सरकारी शिरगणती निदान असा भेद करत नाही; तिथे प्रश्न असतो तो माणूस कुठे मोजायचा हा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. जो त्या सबंध काळात मूळ गावी नव्हता, त्याची नोंद तो सापडेल तिथे घ्यावी असा नियम होता. फेब्रुवारीत गाळप ऐन भरात असते. म्हणजे नियमाने पाहिले तर पाथर्डी-आष्टीकडची कितीतरी कुटुंबे त्या साली नीराकाठची रहिवासी ठरत होती. रेशन, शाळा आणि मतदान मात्र त्यांच्या मूळ गावी, शंभरावर किलोमीटर लांब.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत, पुन्हा गाळप चालू असताना व्हायची. गणकाने गावठाण आणि मळ्यांतली दारे ठोठावून न थांबता फडात जावे, आणि जावे ते दिवे लागल्यावर. दिवसा कोपीत एखादे तान्हे आणि त्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची बहीण, एवढीच भेटतील.