दुसऱ्याच्या बिडीचा धूर

श्रोतेहो, मे महिन्यात सिंदेवाहीकडच्या रानांत तेंदूपत्ता तोडतात. त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. तेव्हा बिडीविषयी जपूनच बोलले पाहिजे. पण पान तोडण्याचे कष्ट वेगळे आणि बंद खोलीत सोडलेला धूर वेगळा.

तेंदूच्या पानातून हवा सहज जात नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके सारखे घ्यावे लागतात, आणि मधल्या वेळी जळत्या टोकाचा धूर खोलीभर पसरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, कर्करोग आणणारी द्रव्येही असतात.

तुम्ही म्हणाल, 'मी कुठे ओढतो?' जपानचे डॉक्टर हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिले, की धूम्रपान करणाऱ्या नवऱ्यांच्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाचा कर्करोग अधिक होतो. खिडकी उघडली म्हणून हा धोका टळत नाही. पंखा तर धूर सगळ्यांना वाटतो!

२००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम यांनुसार शाळा, कचेरी, कारखाना येथे धूम्रपानास बंदी आहे. दंड २०० रुपयांपर्यंत. प्रमुखाने फलक लावावा, राखदाणी ठेवू नये. धानाच्या गिरणीत कोंड्याला आग लागण्याचे भय आणखी निराळे.

मात्र कुणाचा अपमान करू नका. 'भाऊ, जरा आवाराबाहेर जाऊन ओढा ना,' एवढे पुरे. आणि गुरुजी, आरंभ आपल्यापासून करा. मुले फलकापेक्षा तुमच्याकडे अधिक पाहतात.