नावेच्या पाठीतली कूज

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही, खाडी नाही, बंदर नाही. तेव्हा नावेच्या दुरुस्तीविषयी इथल्या माणसाने काय म्हणून वाचावे, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. पण वाचकहो, जरा आजूबाजूला पाहा. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या आपल्याच जिल्ह्यातून वाहतात. वाशीम शहराजवळ एकबुर्जीचा जलाशय आहे, कारंज्याच्या बाजूला अडाणचे धरण आहे. धरण आले की मासळी येते, आणि मासळी आली की जाळे व नाव येते. नदीला पूर आला म्हणजे अडकलेली माणसे बाहेर काढायलाही नावच लागते. म्हणजे समुद्र नसला तरी नाव आपल्याला परकी नाही.

दुसरेही एक कारण आहे. ज्या नियमाने नावेच्या पोटातले लाकूड कुजते, त्याच नियमाने तुमच्या-आमच्या घरातल्या चौकटीचा पाय कुजतो. नावेचे कळले की घराचे आपोआप कळते.

गेल्या काही दशकांत लाकडी नावांची जागा बऱ्याच ठिकाणी फायबरच्या नावांनी घेतली. काचेच्या बारीक तंतूंची चटई किंवा कापड घ्यायचे, ते रेझिनमध्ये भिजवून साच्यावर थरांवर थर बसवायचे, आणि रेझिन घट्ट झाले की नावेचे कवच तयार. हे कवच हलके असते, गळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. ‘फायबर कुजत नाही’ असे ते म्हणतात. म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण कवच कुजत नसले तरी कवचाच्या आत पुष्कळदा लाकूड असते, आणि ते कुजते.

हे लाकूड मुख्यतः कोठे असते? नावेच्या पिछाडीला. नावेची मागची सपाट, उभी बाजू असते तिला ट्रान्सम म्हणतात. आपण तिला नावेची पाठ म्हणू या. बाहेरून चालणारे यंत्र याच पाठीला अडकवतात. ४० अश्वशक्तीचे यंत्र घेतले तर त्याचे वजन ७० किलोंच्या पुढेच जाते. शिवाय यंत्र चालू झाले की ते नावेला पुढे ढकलते, आणि तो सारा रेटा या पाठीवरच येतो. नुसते पातळ फायबर एवढा भार सोसत नाही, म्हणून पुष्कळ नावांत आतल्या आणि बाहेरच्या पापुद्र्यांच्या मध्ये प्लायवूडचा जाड फळा घालतात. पुरणपोळीतल्या पुरणासारखा तो फळा दोहोंकडून झाकलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही, आणि खरा धोका याच न दिसण्यात आहे.

आता लाकूड कुजते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. आपण सर्रास म्हणतो, ‘पाण्याने लाकूड कुजले.’ पण लाकूड पाण्याने कुजत नाही बरं का! लाकूड कुजवते ती बुरशी. ही एक अतिसूक्ष्म धाग्यांची वनस्पतीसारखी दिसणारी, पण वनस्पती नसलेली सजीव सृष्टी आहे. पावसाळ्यात जुन्या ओंडक्यावर छत्र्या उगवतात त्या तिच्याच. एक जात लाकडातला सेल्युलोज खाते. मग लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात आणि बोटाने चुरगळले तरी त्याचा भुगा होतो. दुसरी जात लाकूड घट्ट बांधणारा लिग्निन हा घटकही खाते. तेव्हा लाकूड पांढुरके, तंतुमय आणि मऊ होते.

या बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, ओल, हवा आणि बेताची ऊब. कोरड्या वजनाच्या शेकडा २० पेक्षा कमी ओल लाकडात असेल तर तिचे काही चालत नाही. ओल शेकडा ३० च्या आसपास गेली की ती फोफावते. ऊब म्हणाल तर २० ते ३२ अंश सेल्सियस तिला विशेष मानवते, म्हणजे आपला पावसाळाच! चौघांपैकी एक गोष्ट जरी काढून घेतली तरी कूज थांबते. लाकूड काढून घेता येत नाही, ऊब आपल्या हाती नाही, हवा अडवणे कठीण. उरली ओल. तेव्हा लाकूड वाचवायचे म्हणजे ओल दूर ठेवायची, एवढेच माणसाच्या हाती असते.

तुम्ही म्हणाल, मग सदा पाण्यात बुडालेले लाकूड लगेच कुजायला हवे. तसे होत नाही. पूर्ण बुडालेल्या लाकडात पाणी ठासून भरते आणि हवेला जागाच उरत नाही. स्वीडनचे ‘वासा’ हे लढाऊ जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमजवळ बुडाले आणि १९६१ साली वर काढले, तेव्हा ते ३३३ वर्षे पाण्याखाली राहूनही बरेचसे शाबूत होते. लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्या थंड, कमी खाऱ्या पाण्यात नव्हता, हेही त्याचे एक कारण. लाकडाला भय असते ते धड कोरडे नाही आणि धड बुडालेलेही नाही, अशा ओलसर अवस्थेचे. आपल्या नावेच्या पाठीतला फळा नेमका त्याच अवस्थेत सापडतो. बोल्टच्या भोकातून थोडे पाणी आत शिरते, आणि भोवतालचे फायबर त्याला बाहेर पडू देत नाही.

इथे आपल्या जलाशयांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. मिठाचे पाणी बुरशीला मानवत नाही. जुन्या काळी काही लाकडी जहाजांच्या सांगाड्यात मुद्दाम मीठ भरून ठेवीत, ते याचसाठी. गोड्या पाण्याला हा गुण नाही. म्हणून समुद्रावरच्या नावेपेक्षा धरणावरच्या नावेच्या लाकडाची काळजी कमी नव्हे, जास्तच घ्यावी लागते. आणि दोन्हीकडे पावसाचे साचलेले पाणी हा मोठा शत्रू आहे.

लाकडाची जातही महत्त्वाची. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांच्या परंपरेत बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ साली पाण्यात सोडले, ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत पाहायला मिळते. ते मलबारच्या सागवानाचे आहे. सागाच्या गाभ्यात निसर्गतःच असे पदार्थ असतात की बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. प्लायवूडला हे वरदान नाही. त्याचे पातळ पापुद्रे साध्या लाकडाचे असतात, आणि कापलेल्या कडेतून ते पाणी भराभर शोषून घेतात.

मग आतली कूज ओळखायची कशी? पाठीवर लहान हातोडीने किंवा रुपयाच्या नाण्याने जागोजाग ठोकत जावे. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. यंत्र वर उचलून धरून हलवावे. पाठ लवली तर आतला फळा गेला असे समजावे. यंत्राच्या बोल्टभोवती केसासारख्या भेगा दिसणे, बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होणे, भोकातून तपकिरी पाणी झिरपणे, ही सारी लक्षणे आहेत. शंका राहिलीच तर आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक गिरमिटाने भोक पाडून पाहावे. फिकट, कोरडा भुसा निघाला तर ठीक. काळपट, ओला लगदा निघाला तर निकाल लागला. तपासून झाले की भोक बुजवायला विसरू नये.

कूज सापडली की पुष्कळ लोक एक सोपा उपाय करतात. पाठीला भोके पाडतात आणि त्यांत पातळ रेझिन ओततात. वरून एक थर फायबर चढवला की नाव नव्यासारखी दिसते. पण ओल्या लाकडात रेझिन मुरत नाही, आणि मऊ झालेल्या लाकडात गेलेली ताकद त्याने परत येत नाही. उलट ओल आत कोंडली जाते आणि बुरशीला बंद खोलीत निवांत जेवायला बसवल्यासारखे होते. मग एक दिवस भर पाण्यात पाठ फाटते आणि यंत्र तळाशी जाते. पाठीमागून पाणी आत शिरल्यावर नाव किती वेळ तगेल, याचा भरवसा नाही. नावेतली माणसे पोहणारी असतीलच असेही नाही.

खरी दुरुस्ती खटपटीची आहे, पण ती समजून घेतली तर गावातला हुशार सुतार, म्हणजे आपला वऱ्हाडी वाढी, ती करू शकतो. आधी यंत्र उतरवावे. नाव सपाट जागी ओंडक्यांवर नीट टेकवावी, कारण पाठ कापली की कवच वेडेवाकडे होण्याची भीती असते. पाठीची उंची आणि तिचा मागे कललेला कोन मोजून पुठ्ठ्याचा नमुना कापून ठेवावा. मग आतला फायबरचा पापुद्रा कापावा. कडेने दोन-तीन इंच पट्टी ठेवावी, म्हणजे नव्या थरांना धरायला जागा राहते. बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवावा, तोच पुढे साचा होतो. आतले कुजके लाकूड पटाशीने कोरून काढावे, आणि चांगले लाकूड लागल्यावरही चार बोटे पुढे जावे. बुरशीचे धागे दिसणाऱ्या कुजीच्याही पुढे गेलेले असतात.

यानंतरचे काम म्हणजे वाळवणे. इथेच माणसाचा धीर सुटतो. पण या कामाला आपला जिल्हा मोठा सोयीचा आहे. माघ-फाल्गुनात नाव सावलीत उघडी ठेवली तर आपली कोरडी हवा फुकटात काम करते. पावसाळ्यात मात्र हे काम हाती घेऊच नये.

नवा फळा मरीन प्लायवूडचा घ्यावा. त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहून घ्यावा. साधे प्लायवूड स्वस्त मिळते म्हणून भुलू नये. मूळ फळा जितका जाड तितकाच नवा हवा; बहुधा दोन फळे एकमेकांना चिकटवून ही जाडी साधते. फळ्याच्या साऱ्या कडा आधी रेझिनने भरून घ्याव्यात. मग रेझिनमध्ये भिजवलेली चटई मध्ये घालून फळा बाहेरच्या पापुद्र्याला शिकंज्यांनी दाबून बसवावा. मध्ये पोकळी राहता कामा नये. कोपऱ्यात रेझिनची लुकण भरून गोलाई द्यावी, कारण काचेचे कापड काटकोनात वळत नाही. त्यावर एकेक थर चढवावा, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे न्यावा, आणि वरची कडही झाकावी.

रेझिन दोन प्रकारचे मिळते. पॉलिस्टर स्वस्त, एपॉक्सी महाग, पण लाकडाला घट्ट धरणारे. एपॉक्सीवर पॉलिस्टर नीट चिकटत नाही, म्हणून सुरुवातीलाच एक ठरवून शेवटपर्यंत तेच वापरावे. एपॉक्सी घेतले तर साधी चटई न घेता विणलेले कापड घ्यावे. त्या चटईचे तंतू बांधणारा पदार्थ पॉलिस्टरमध्येच विरघळतो. पॉलिस्टर घट्ट होण्यासाठी त्यात शेकडा १ ते २ इतके हार्डनर घालतात. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात ते हां हां म्हणता घट्ट होते. तेव्हा काम सकाळी करावे आणि प्रमाण कमीकडे ठेवावे.

यंत्राच्या बोल्टची भोके सर्वांत शेवटी पाडावी, आणि तीही दोनदा. आधी मोठे भोक पाडून त्यात एपॉक्सीची लुकण भरावी. ती घट्ट झाली की तिच्या मधोमध बोल्टचे खरे भोक पाडावे. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. मुळात पाणी ज्या वाटेने आले होते ती वाट अशी बंद होते. ही वाट तशीच ठेवून केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

सावधगिरीचे दोन शब्द. काचेची धूळ छातीत आणि डोळ्यांत जाते. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. रेझिनची वाफ पेट घेते, म्हणून विडी-काडी दूर ठेवावी आणि काम उघड्या हवेत करावे. पॉलिस्टरचे हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक हे दोन द्रव थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. ताबडतोब भरपूर पाण्याने डोळा धुवून दवाखाना गाठावा.

आता शेवटी घराकडे वळू. जुन्या वाड्यात खांबाखाली दगडी तळखडा असे. खांब जमिनीवर न ठेवता दगडावर उभा करायचा, म्हणजे जमिनीची ओल त्याला लागत नाही. तो खांब भोवतालच्या हवेने सुकतही असे. आज आपण चौकटीचा पाय सिमेंटात गाडतो आणि वरून ऑइलपेंट फासतो. रंग चकचकीत दिसतो, खालून ओल चढत राहते आणि ती बाहेर पडायला वाट उरत नाही. नावेच्या पाठीत घडले तेच इथे घडते. चौकट खालून पोकळ झाली की आपण वाळवीला, म्हणजे आपल्याकडच्या उधईला, बोल लावतो. कधी तो खरा असतो; मातीच्या नळ्या दिसल्या तर तो उधईचाच उद्योग. पण माती नाही, नुसताच मऊ, ओलसर भुगा आहे, तर ती कूज समजावी. तिथे उधईचे औषध ओतून उपयोग नाही. ओल कोठून येते ते शोधावे, कुजलेला पाय कापावा, सुक्या लाकडाचा सांधा द्यावा आणि तो दगडावर टेकवावा.

नाव असो वा चौकट, क्रम एकच आहे: आधी पाण्याची वाट शोधा, मग कुजके काढा, मग वाळवा, आणि सर्वांत शेवटी झाका. हा क्रम उलटा केला, झाकण्यापासूनच सुरुवात केली, तर पैसा जातो आणि कूज राहते. येत्या पावसाळ्याआधी नावेच्या पाठीवर आणि घराच्या चौकटीवर एकदा ठोकून पाहा. आवाज बद्द आला तर वाढ्याला बोलवायला उशीर करू नका.