कॅरव्हॅन क्लबचे सदस्यत्व घ्यावे का? पैसे भरण्याआधी काय तपासाल

कोल्हापुरातून सकाळी निघायचे, फोंडा घाट उतरून तारकर्लीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मनात येईल तिकडे पुढे जायचे. झोपायची जागा, छोटे स्वयंपाकघर आणि शौचालय गाडीतच असल्यामुळे प्रत्येक मुक्कामी सामान उपसावे लागत नाही. निवांत भटकंती आवडणाऱ्यांना कॅरव्हॅनची ओढ वाटते ती यामुळेच. पण या ओढीचा फायदा घेत ‘आमच्या क्लबचे सदस्य व्हा, दहा वर्षे सुट्ट्यांची चिंता मिटवा’ असे प्रस्तावही येतात. निवृत्तीची रक्कम नुकतीच हातात आलेल्यांना ते विशेष मोहात पाडतात. म्हणूनच सदस्यत्वातून नेमके काय मिळते, हे आधी समजून घ्यायला हवे.

मूळ कॅरव्हॅन क्लब काय देतात?

ही पद्धत रुजली ब्रिटनमध्ये. तिथला ‘कॅरव्हॅन क्लब’ १९०७ साली स्थापन झाला. आज तो ‘कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब’ म्हणून ओळखला जातो. तिथे गाडी सदस्याची स्वतःची असते. क्लब देतो ती मुक्कामाची जागा. १९६० च्या एका कायद्यामुळे मान्यताप्राप्त क्लबच्या प्रमाणपत्रावर एखादा शेतकरी स्वतंत्र परवाना न काढता आपल्या रानात पाच कॅरव्हॅनपर्यंत उभ्या करू देऊ शकतो. पण ही सोय फक्त सदस्यांसाठी असते. म्हणजे वर्गणी भरणाऱ्याला अशी जागा मिळते, जी इतरांना मिळत नाही. शिवाय वर्गणी वर्षाची असते. उपयोग झाला नाही तर पुढच्या वर्षी भरायची नाही, विषय संपला.

महाराष्ट्रात चित्र वेगळे का?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाड्या आणि त्या उभ्या करण्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली कॅरव्हॅन पार्क, या दोन्हींना चालना देणे हा त्याचा हेतू. मात्र आपल्याकडे स्वतःची कॅरव्हॅन असलेली कुटुंबे विरळाच. गाडी दिवसाच्या हिशेबाने, बहुतेकदा चालकासह भाड्याने मिळते आणि जागेचे पैसे रात्रीप्रमाणे देता येतात. त्यामुळे प्रस्ताव आला की पहिला प्रश्न विचारा: सदस्य नसताना जे मिळणार नाही, असे इथे काय मिळते? उत्तर ‘सवलत’ एवढेच असेल, तर ती सवलत किती, हे मोजायला हवे.

हिशेब कसा मांडायचा?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहा वर्षांचे सदस्यत्व ३ लाख रुपयांना आहे आणि देखभाल शुल्क वर्षाला १२ हजार. वर्षाचा खर्च झाला ३० हजार अधिक १२ हजार, म्हणजे ४२ हजार. वर्षाला सात रात्री मिळणार असतील आणि सातही वापरल्या, तर एक रात्र ६ हजारांना पडली. तीनच वापरल्या, तर तीच रात्र १४ हजारांना पडते. डिझेल, टोल, चालकाचा भत्ता आणि जेवण यात धरलेलेच नाही. शिवाय हेच ३ लाख ७ टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवले असते, तर वर्षाला २१ हजार रुपये मिळाले असते.

आता मागच्या दोन वर्षांत आपण घराबाहेर खरोखर किती रात्री राहिलो, ते कागदावर लिहा. पुढे किती राहू याचा अंदाज नको. हाच आकडा भागाकारात वापरा आणि आलेली रक्कम सुट्या भाड्याशी ताडून पाहा.

कोल्हापूरकरांनी तारखा का तपासाव्यात?

मुलांच्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. नेमक्या याच काळात मागणी सर्वाधिक असते आणि स्वस्त सदस्यत्वात हे दिवस बहुधा वगळलेले असतात. उरलेल्या दिवसांत पावसाळा येतो. गगनबावडा, राधानगरी भागात तेव्हा धो-धो पाऊस असतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पुणे-बंगळूर महामार्गही शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. अशा वेळी न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी मिळतात की बुडतात, हे लेखी घ्या.

करारात आणखी काय पाहावे?

• देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढू शकते? वाढीला मर्यादा आहे का?
• पैसे भरल्यावर किती दिवसांत करार रद्द करता येतो आणि किती रक्कम परत मिळते?
• सदस्यत्व मुलांच्या नावावर करता येते का, विकता येते का?
• गाडीची नोंदणी भाड्याने देण्याच्या वापरासाठी आहे का? विम्यात प्रवासी धरले आहेत का?
• कोल्हापूरच्या जवळचे मुक्काम कोणते? गाडी कोल्हापुरात मिळेल की पुण्याहून आणावी लागेल?

‘सवलत आजच्या दिवसापुरती’ असे सांगितले जात असेल तर करार घरी नेऊन वाचण्याची मागणी करा. ती नाकारली गेली, तर तिथून उठणेच शहाणपणाचे. तोंडी दिलेले आश्वासन करारात नसेल, तर ते नंतर सिद्ध करणे अवघड जाते.

वाद झाला तर कुठे जायचे?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा दिल्लीत, कोल्हापूरच्या ग्राहकाला कोल्हापुरातच दाद मागता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार साधारणपणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पावत्या, करार आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा.

मग निर्णय काय घ्यावा?

आधी दोन-तीन रात्रींसाठी गाडी भाड्याने घेऊन पाहा. घाटातील वळणांवर मोठ्या गाडीत ज्येष्ठांना त्रास होतो का, गाडीत सर्वांना झोप लागते का, हे एका सहलीतच कळते. आवडले तर पुढच्या वर्षी पुन्हा भाड्याने घ्या. सलग दोन वर्षे रात्रींचा आकडा भरला आणि सदस्यांचा दर सुट्या भाड्यापेक्षा खरोखर कमी निघाला, तर एका वर्षाच्या वर्गणीचा विचार करायला हरकत नाही. निवांत भटकंतीत खरी चैन असते ती तारीख आणि वाट स्वतः ठरवण्याची. जे सदस्यत्व तीच काढून घेते, ते स्वस्त मिळाले तरी महागच पडते.