मुका रेडिओ आणि दुर्मिळ व्हॉल्व्ह

माळ्यावरून उतरविलेला जुना रेडिओ पुन्हा बोलता व्हावा, ही इच्छा स्वाभाविक होय. परंतु तो मुका राहिला, की सारा दोष व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो आणि बाजारात मिळेल तो दुसरा बसविण्याची घाई होते. ही घाई महागात पडते. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला व पुढे घरगुती रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. कित्येक जातींचे उत्पादन केव्हाच थांबले असून जुन्या शिल्लक साठ्यावरच भिस्त आहे. म्हणून वाया गेलेला प्रत्येक व्हॉल्व्ह हा कायमचा तोटा ठरतो.

पहिले काम ओळख पटविण्याचे. युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचे नाव म्हणजे जणू त्याची कुंडलीच. ‘ईसीएच ४२’ हे नाव घ्या. यातील ‘ई’ सांगते, की याचा हीटर ६.३ व्होल्टवर चालतो. ‘सी’ म्हणजे ट्रायोड व ‘एच’ म्हणजे हेक्झोड, अर्थात एकाच काचेत दोन व्हॉल्व्ह नांदत आहेत. आणि ४ हा अंक आठ पिनांची ‘रिमलॉक’ बैठक दर्शवितो. आलेल्या लहरीची वारंवारता बदलणे, हे याचे काम. आरंभीचे अक्षर ‘यू’ असल्यास मात्र हीटरचा प्रवाह १०० मिलिअँपिअर ठरलेला असतो आणि व्होल्ट निरनिराळे असतात.

काचेवरील अक्षरे पुष्कळदा पुसट झालेली असतात. ती फडक्याने घासू नयेत; उरलीसुरली खूणही नाहीशी होते. काचेवर तोंडाची वाफ हलकेच सोडली, तर कधी कधी अक्षरे क्षणभर उमटतात. काचेच्या आतला चंदेरी लेप दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली असे निश्चित समजावे.

व्हॉल्व्ह खरोखरच निकामी झाला असेल, तर तो कशाने झाला, हे आधी पाहिले पाहिजे. ध्वनिक्षेपकाला शक्ती पुरविणाऱ्या अखेरच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडशी एक कागदी कपॅसिटर जोडलेला असतो. वयोमानाने तो गळू लागतो, ग्रिडवर धन दाब येतो आणि प्रमाणाबाहेर प्रवाह वाहून व्हॉल्व्ह खलास होतो. तो कपॅसिटर न बदलता नवा व्हॉल्व्ह बसविला, तर त्याचीही तीच गत होते.

मूळ जातीचा व्हॉल्व्ह मिळेनासा झाला, की पर्यायाचा विचार. ‘ईसीएच ४२’ च्या जागी ‘ईसीएच ८१’ चालविता येतो. येथे ८ म्हणजे नऊ पिनांची ‘नोव्हल’ बैठक. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी या बैठकीचे व्हॉल्व्ह बनविले. मात्र पिनांची मांडणी भिन्न असल्याने मूळ सॉकेट उखडण्यापेक्षा मध्ये अडॅप्टर घालणे शहाणपणाचे.

‘यू’ मालिकेत आणखी एक अडचण उद्भवते. तेथे सर्व हीटर दिवाळीच्या दिव्यांप्रमाणे एका माळेत असतात. एक तुटला, की सारेच विझतात. ‘यूसीएच ४२’ ला १४ व्होल्ट लागतात, ‘यूसीएच ८१’ ला १९. हे पाच व्होल्ट भरून काढण्यासाठी माळेतील रोध ५० ओहमने कमी करावा लागतो. अशा संचांत धातूचा सांगाडा थेट विजेच्या तारेशी जोडलेला असू शकतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून हे काम जाणत्या कारागिराचेच.

जुना व्हॉल्व्ह फेकून न देता नावाची चिठ्ठी लावून संचासोबत ठेवावा. उद्या अस्सल जोडीदार सापडला, तर रेडिओ मूळ रूपात आणता आला पाहिजे. परत फिरविता येणार नाही अशी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे.